महिन्याला दोन-तीन खाडे

सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास नागपुरातल्या सरकारी दवाखान्यात सिकलसेलच्या ओपीडीबाहेर बसायला जागा मिळत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून पहाटेची एसटी धरून माणसं आलेली असतात. केसपेपर निघाला की नंबर लागेपर्यंत करण्यासारखं काही नसतं. आयांच्या मांडीवर पोरं पेंगत असतात. विशी-पंचविशीतली मुलंमुली मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असतात. जरा शेजारी सरकून बसलं की कळतं, बऱ्याच जणांच्या स्क्रीनवर भरतीच्या जाहिराती आहेत. तलाठी, बँक, पोस्ट, बुटीबोरीतली एखादी कंपनी. एका मुलीने शेजारच्या मुलाला विचारलं, "याच्यात मेडिकल रायते का?" तो वर न बघता म्हणाला, "कशात नसते?"

यंदाच्या अंकाचा विषय 'काम' असल्याचं संपादकांनी कळवलं आणि मी या बाकांकडे आले. सिकलसेलवर विदर्भात पुष्कळ काम झालं आहे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी रुग्णांची संघटना उभी केली, त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत या आजारासाठी हयात घालवली, त्यांना 2019 साली. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय अभियानाची सुरुवात झाली. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत आजाराचं निर्मूलन करायचं, असं त्याचं उद्दिष्ट. या तपासणीचा मोठा भर पुढच्या पिढीवर आहे: लग्नाआधी रक्त तपासा, दोन वाहकांचं लग्न जुळत असेल तर समुपदेशन घ्या.

पण जो आज चोवीस वर्षांचा आहे, ज्याच्या कार्डावर 'एसएस' असं लिहून झालं आहे, त्याने पोट कसं भरायचं? पूर्वी हा प्रश्न फारसा उभाच राहत नव्हता, कारण यातली कितीतरी मुलं लहानपणीच जायची. लसी आल्या, जंतुसंसर्गावर वेळेत उपचार मिळू लागले, हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल सरकारी दवाखान्यात मिळू लागली आणि मुलं जगली. शिकली. आता ती काम मागायला निघाली आहेत.

पाणी, थंडी आणि ऊन

आजार रक्ताचा आणि जन्माचा. आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तर मूल 'एसएस', एकाकडूनच आलं तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो. एसएसच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीतल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. फरक एवढाच, पण प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी, कडक होते. बारीक रक्तवाहिन्यांत अशा पेशी अडकतात, पुढच्या भागाचं रक्त तुटतं आणि दुखणं उठतं. हाडांत, छातीत, पाठीत, पोटात. रुग्ण त्याला 'क्रायसिस' म्हणतात. खेड्यातल्या म्हाताऱ्यासुद्धा हाच शब्द वापरतात. निरोगी तांबडी पेशी 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. त्यामुळे रक्त कायम कमी आणि डोळे कायम पिवळसर.

क्रायसिस कधी येईल याचा नेम नसतो, पण कशाने येतो हे रुग्णांना पाठ असतं. पाणी कमी पडलं, गारठा लागला, ताप आला, अंगावर झेपणार नाही इतकं काम पडलं, जागरण झालं. ही यादी घेऊन पूर्व विदर्भातल्या गावात उभं राहिलं की लक्षात येतं, तिथली सगळी कामं या यादीतच बसतात. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते. दिवसभर वाकून, पोटऱ्यांपर्यंत गार चिखलात पाय आणि डोक्यावर पाऊस. मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे जंगलात जायचं, उन्हं तापेपर्यंत तोडायचं, घरी येऊन पुडे बांधायचे आणि ते पुन्हा उन्हात नेऊन फडीवर मांडायचे. रोजगार हमीवर मातीकाम. भंडारा जिल्ह्यातल्या एका आईने मला सांगितलं, "पोरगा रोवण्याले दोन दिस गेला का तीन दिस सलाईनवर रायते. म्हणून म्हटलं, बापा, तू शिक. तुले खुर्चीचंच काम पायजे."

मग मुलं शहरात येतात, आणि तिथेही पाण्याचाच प्रश्न. सीताबर्डीवरच्या एका कापड दुकानात काम करणारी मुलगी मला दवाखान्यातच भेटली. सकाळी साडेदहा ते रात्री नऊ उभं राहायचं. दुकानात बायकांना स्वच्छतागृह नाही, दोन इमारती सोडून एक आहे आणि सणासुदीच्या गर्दीत तिथे जायला सुपरवायझर सोडत नाही. म्हणून दुकानातल्या सगळ्याच मुली पाणी कमी पितात. बाकीच्यांचं त्यावर भागतं. हिला डॉक्टरांनी दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्यायला सांगितलेलं. पाणी प्यायलं तर मालकाचं बोलणं खायचं, नाही प्यायलं तर दवाखाना. दिवाळीच्या गर्दीत तिला क्रायसिस आला. परत गेली तेव्हा तिच्या काउंटरला दुसरी मुलगी उभी होती.

या मुलीला दुकानात काम करता येत नाही, असं म्हणणं चूक आहे. स्वच्छतागृह असतं तर ती आजही तिथे साड्या उलगडून दाखवत असती.

गेटवर

बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत कंपनी थेट भरती करते ती थोड्यांची. बाकी सगळं ठेकेदारामार्फत. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, दोन फोटो आणि फिटनेस. फिटनेस म्हणजे ठेकेदाराच्या ओळखीच्या लॅबमध्ये रक्त-लघवीची तपासणी आणि डॉक्टरांची सही. हिमोग्लोबिन आठ आलं की अडलंच. एसएसच्या माणसाचं हिमोग्लोबिन बरं असतानाही सात-आठ-नऊच्या आसपास असतं. त्याचं शरीर त्याला सरावलेलं असतं, पण कागदावर तो आकडा एखाद्या मरणोन्मुख माणसाचा वाटतो. काही ठिकाणी तेवढंही होत नाही. सुपरवायझर डोळ्यांकडे बघतो आणि विचारतो, "कावीळ आहे का रे तुले? बरा होऊन ये मंग."

ही कावीळ बरी होऊन येण्यातली नाही, हे गेटवर उभं राहून सांगायचं कसं? एका मुलाने मला आपली युक्ती सांगितली. तो भर दुपारी जातो, गॉगल लावून.

एका ठेकेदाराशी मी सविस्तर बोलले. माणूस वाईट नव्हता. त्याच्या भाच्यालाच सिकलसेल आहे, त्यामुळे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, "ताई, कंपनी मले डोक्यामागं पैसे देते. लाइनवर चाळीस माणसं पायजे म्हणजे चाळीसच पायजे. एकोणचाळीस झाले का माझं बिल कापते. पोराईचं काम चांगलं आहे, नाई म्हणत नाई मी. पण याचे महिन्याले दोन-तीन खाडे पक्के. आणि आदल्या दिवशी सांगताच येत नाई त्याले." भाच्याला ठेवलंय का, असं मी विचारलं. त्याने त्याला किराणा दुकान टाकून दिलं आहे.

त्या दोन-तीन खाड्यांभोवती सगळं फिरतं. या आजाराचा माणूस महिन्याचे पंचवीस-सव्वीस दिवस कुणाही इतकं काम करू शकतो, उरलेल्या दिवसांत अंथरुणावरून उठू शकत नाही आणि ते दिवस कोणते हे आधी माहीत नसतं. हजेरीपत्रकाला अशी माणसं कळत नाहीत. महिनाभर एकही खाडा नसेल तर हजेरी बोनस, तीन खाडे झाले तर नाव कमी. कामाचा दर्जा, वेग, प्रामाणिकपणा हे सगळं या एका रकान्यापुढे फिकं पडतं.

खरं तर अशा माणसासाठी देशात एक जुनी आणि चांगली व्यवस्था आहे. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, आजारपणाची भरपाई मिळते. मजुरीच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. सिकलसेलच्या माणसाला वर्षात लागतील त्याहून बहुधा जास्तच. पण त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते आणि नव्याने लागलेल्या माणसाला पहिला लाभ मिळेपर्यंत साधारण नऊ महिने जातात. आता हे त्या मुलाच्या आयुष्याला लावून बघा. तो मार्चमध्ये लागतो, जूनच्या पहिल्या पावसात क्रायसिस येतो, नाव कमी होतं. ऑगस्टमध्ये दुसरा ठेकेदार, डिसेंबरच्या थंडीत पुन्हा दवाखाना. दोन्हीकडे पगारातून वर्गणी कापली जाते, पण लाभाच्या दारापर्यंत तो पोचत नाही. ज्या आजारपणात ही योजना कामी यावी, त्याच आजारपणाने तो योजनेबाहेर पडतो.

मैदान

गडचिरोलीत भरतीचे दिवस आले की पहाटे पाचपासून रस्त्यावर मुलं धावताना दिसतात. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर आणि गोळाफेक. वनरक्षकाला मुलांना पाच किलोमीटर, मुलींना तीन. जिथे कारखाने नाहीत, शेती पावसावर आहे, तिथे नोकरी म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वर्दी येते. एसएसच्या मुलाला हे दार जवळपास बंद. जोरात धावणं आणि अंगातलं पाणी कमी होणं म्हणजे क्रायसिसला आमंत्रण. काही मुलं तरी धावतात. घरचे अडवतात, ही मित्रांबरोबर गुपचूप जातात.

उरतात लेखी परीक्षांच्या नोकऱ्या, आणि त्यांच्यासाठी अभ्यासिका. राज्याच्या नोकऱ्यांत वयोमर्यादा खुल्या वर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43, त्यामुळे वर्षं हातात आहेत असं वाटत राहतं. एक मुलगा मला म्हणाला, "पदवीले पाच वर्षं लागली, कारण दोनदा पेपरच्या दिवशी मी भरती होतो. मुलाखतीत विचारतात, हा गॅप कायचा? खरं सांगितलं का पुढचा प्रश्नच येत नाई."

यादीतली जागा

डिसेंबर 2016 मध्ये संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा केला आणि पुढच्या एप्रिलपासून तो लागू झाला. 1995 च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले. त्यांत रक्ताचे तीन आजार पहिल्यांदा आले: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. विदर्भात याचं मोठं स्वागत झालं आणि ते योग्यच होतं. न दिसणारा आजारही माणसाला अडवतो, हे देशाच्या कायद्याने मान्य केलं होतं.

पण हा कायदा कलमागून कलम वाचत गेलं की मन खट्टू होतं. कलम 32 म्हणतं, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा ठेवायच्या. यात एकवीसही प्रकार आले, म्हणजे सिकलसेलही आलं. कलम 34 नोकऱ्यांचं. तिथे किमान चार टक्के जागा आहेत, पण कुणासाठी ते मोजून सांगितलं आहे: अंध आणि अल्पदृष्टी, कर्णबधिर, हालचालीचं दिव्यांगत्व असलेले, मग स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार, आणि शेवटी यांपैकी एकाहून अधिक असलेले. रक्ताचे आजार या यादीत नाहीत.

कॉलेजच्या प्रवेशाला मुलगी दिव्यांग आहे. त्याच प्रमाणपत्रावर, तेवढ्याच टक्केवारीवर, नोकरीच्या अर्जाला ती दिव्यांगांच्या जागेवर बसत नाही. राज्याने तिला शिकवलं, पदवी दिली आणि पुढच्या दारावर तिचा आजार अमान्य केला. एका सेतू केंद्रात फॉर्म भरणाऱ्या मुलाने मला सांगितलं, की दर भरतीला अशी मुलं येतात, दिव्यांगाच्या रकान्यात 'होय' करतात, मग प्रकार निवडायची खिडकी उघडते आणि त्यात सिकलसेल सापडत नाही. "ते मले विचारतात, दादा, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये नाई का?"

यातली सगळ्यात क्रूर गोष्ट मला एका हाडांच्या डॉक्टरांनी समजावली. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा पुष्कळदा तुटतो आणि गोळा हळूहळू मरतो, खचतो. लोक म्हणतात, 'खुबा गेला'. मग माणूस लंगडतो, जमिनीवर बसता येत नाही, पुढे सांधा बदलावा लागतो. पण खुबा गेला की त्याला हालचालीच्या दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं आणि तो कलम 34 च्या यादीत येतो. म्हणजे सांधा शाबूत आहे, खुर्चीवरचं काम उत्तम करता येतं, फक्त आजारपणाची सवड हवी, तोवर राखीव जागा नाही. सांधा निकामी झाला की जागा आहे. एका तरुणाने हे प्रमाणपत्र मला दाखवलं तेव्हा त्याच्या आईच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मी काय बोलणार होते?

रक्ताच्या या तीन आजारांना कलम 34 मध्ये घेतलं पाहिजे. सरकारी नोकरीत जागा मूठभर आहेत आणि त्याने सगळ्यांचा प्रश्न सुटणार नाही, हे मान्य. तरी मान्यतेचं स्वतःचं एक बळ असतं. ज्या खात्यात सिकलसेलचे चार कर्मचारी असतील, त्या खात्याला अचानक आलेल्या खाड्याची व्यवस्था लावायला शिकावंच लागेल.

सांगायचं की नाही

दवाखान्याच्या बाकांवर यावर रोज खल होतो. एक मत असं, की मुलाखतीतच सांगावं, नाहीतर नंतर 'लपवलंस' म्हणतात. दुसरं, की नोकरी पक्की होईपर्यंत तोंड उघडू नये. एक मुलगी रात्रपाळीच्या कॉल सेंटरमध्ये आठ महिने टिकली, कुणाला न सांगता. एसीच्या गारठ्यात स्वेटर आणि मोजे घालून बसायची. खाडा झाला की कधी टायफॉइड, कधी आजी वारली. "माही आजी तीनदा मेली मॅडम," असं सांगताना तिला रडू आलं. आजीनेच तिला वाढवलं होतं. शेवटी एकदा कामावरच क्रायसिस आला, सहकाऱ्यांनी तिला उचलून खासगी दवाखान्यात नेलं. तिथे कुणाला काय द्यायचं कळेना, कारण आजार कुणाला माहीतच नव्हता. दुखण्याचं औषध मिळायला तीन तास गेले.

हे ऐकल्यावर मला तरी वाटतं, निदान शेजारच्या टेबलावरच्या एका माणसाला सांगावं. नोकरीसाठी नव्हे, जिवासाठी. पण ज्याच्या घरात दुसरा पगार नाही त्याला हे सांगणं मला सोपं आहे आणि त्याला करणं अवघड, हेही मला दिसतं.

फायलींचा हिशेब

उत्तर नागपुरातल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मला वेगळं काही बघायला मिळालं. दोन खोल्या, सहा माणसं, लहान दुकानदारांच्या जीएसटीची कामं. तिथे एक बी.कॉम. झालेली एसएस मुलगी तीन वर्षांपासून आहे. जीएसटीत तारखा कडक असतात. विक्रीचं विवरण 11 तारखेला, कर भरण्याचं 20 तारखेला. अशा ठिकाणी अचानक खाडा म्हणजे अनर्थ, असं मला वाटलं होतं.

मालकांनी त्यांची पद्धत दाखवली. प्रत्येक ग्राहकाची फाइल दोघांना माहीत असते. एकाने काम करायचं, दुसऱ्याने महिन्यातून एकदा ती उघडून बघायची. पासवर्ड आणि शिल्लक कामं एका सामाईक वहीत. ही मुलगी आपली बिलं पाच तारखेपासूनच चढवायला घेते, शेवटच्या दिवसावर काही ठेवत नाही. तिची खुर्ची एसीच्या झोतापासून लांब, टेबलावर दोन लिटरची बाटली, आणि दुखण्याची चाहूल लागली की लॅपटॉप घेऊन घरी. "ही पद्धत हिच्यासाठी सुरू केली," मालक म्हणाले, "मग दुसऱ्याच्या घरी बाळंतपण निघालं, तिसऱ्याच्या वडिलांचं ऑपरेशन. तेव्हा तीच कामी आली." त्यांना कुठल्याही कलमाची माहिती नव्हती. कायद्याच्या भाषेत याला वाजवी सोय म्हणतात आणि त्यांना त्यासाठी एका खुर्चीची जागा तेवढी बदलावी लागली होती.

पगार मात्र 11,000. माणसं दहापेक्षा कमी, म्हणून ईएसआय नाही, पीएफही नाही. म्हणून ती दुसरीकडे अर्ज करते आहे आणि मालकांना ते माहीत आहे. मी भेटले त्या आठवड्यात तिने एका मोठ्या कंपनीच्या हिशेब विभागासाठी फॉर्म भरला होता. आजाराच्या रकान्यात 'सिकलसेल, एसएस' असं लिहून खाली दोन ओळी जोडल्या होत्या: महिन्यातून दोन-तीन दिवस अचानक रजा लागू शकते, त्या दिवसांचं काम मी आधी किंवा घरून पूर्ण करते, तीन वर्षांत एकही तारीख चुकलेली नाही.

फॉर्म पाठवताना तिने आणखी एक गोष्ट केली. कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने दिव्यांगांसाठी समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, आणि हे खासगी कंपन्यांनाही लागू आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर तिला ते सापडलं नाही, म्हणून तिने मेल करून मागितलं. उत्तर आलं, की असा कुठला कागद असतो याची आम्हाला कल्पना नाही, कृपया तपशील द्यावा. तिने कायद्याची प्रत जोडून, कलमावर पिवळी खूण करून, त्याच संध्याकाळी पाठवली. मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. नाव कमी झालं तर झालं, पण धोरण तर त्यांना आता लिहावंच लागेल, असं ती म्हणत होती. मग घड्याळ बघून ती वळली, कारण 18 तारीख होती आणि एका हार्डवेअरवाल्याची बिलं अजून यायची होती.